कारणाचा रकाना

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला विद्यार्थ्याच्या हाती पुस्तकाआधी रिपोर्टचा कागद पडतो. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, बाकीचे दिवस तास. फील्डवर्कचा प्रत्येक दिवस लिहून काढायचा आणि ठरलेल्या वारी सुपरवायझरच्या टेबलावर ठेवायचा. पहिल्या महिन्यातले रिपोर्ट कुठल्याही कॉलेजातले उघडून पाहा, ते एकमेकांसारखेच असतात. ‘घरची परिस्थिती अत्यंत बिकट होती. ते पाहून मला फार वाईट वाटलं.’ समासात लाल पेनाने प्रश्न आलेले असतात. बिकट म्हणजे काय? घरात माणसं किती, कमावणारी किती? पाणी कुठून येतं? रेशनकार्ड कुठल्या रंगाचं? आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं, की तुम्ही पाहिलंत, की तुमचा अंदाज आहे?

वाईट वाटलं, याच्यापुढे मात्र समासात काहीच लिहिलेलं नसतं. वाईट वाटणं गृहीत धरलेलं आहे, त्याला मार्क नाहीत.

मराठी वाचकाला हा कोरडेपणा खटकेल, कारण आपली सवय वेगळी आहे. फुल्यांचं बालहत्या प्रतिबंधक गृह, विठ्ठल रामजी शिंद्यांचं मिशन, बाबा आमट्यांचं आनंदवन, ही परंपरा मोठी आहे आणि तिच्याबद्दल लिहायला आपल्याला आवडतं. दिवाळी अंकांनीच गेली पन्नासेक वर्षं घरदार सोडून माळरानावर गेलेल्या माणसांची किती व्यक्तिचित्रं छापली असतील! ती वाचून आपले डोळे पाणावतात, आपण चेक पाठवतो. पण पालिकेच्या रुग्णालयात दहा ते पाच बसणारी, पगार घेणारी, संध्याकाळी लोकल पकडणारी, समाजकार्यात एमए झालेली बाई? तिच्यावर लेख येत नाही. तिने काही सोडलेलं नसतं. तिच्याकडे असते ती एक फाइल. ही फाइल लिहायला शिकवणं हेच या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाचं मुख्य काम आहे, आणि ते वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

या फाइलची जन्मकथा अमेरिकेतली. 1915 साली बाल्टिमोरच्या एका परिषदेत अब्राहम फ्लेक्सनरला बोलावलं होतं. त्याच माणसाने पाच वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाचा पंचनामा करून बरीच कॉलेजं बंद पाडायला हातभार लावला होता. समाजकार्य हा व्यवसाय आहे का, या प्रश्नाला त्याने नकारार्थी उत्तर दिलं. तुम्ही मध्यस्थ आहात, तो म्हणाला. रुग्णाला डॉक्टरकडे पाठवता, भांडणाला वकिलाकडे. तुमचं स्वतःचं शास्त्र कुठे आहे? हा घाव या क्षेत्राच्या इतका जिव्हारी लागला, की शंभर वर्षं उलटूनही पहिल्या सत्रात तो शिकवला जातो.

दोन वर्षांनी मेरी रिचमंडचं ‘सोशल डायग्नॉसिस’ आलं. रिचमंड धर्मादाय संस्थेत हिशेबनीस म्हणून लागलेली बाई, कॉलेजचं तोंडही न पाहिलेली. तिचं पुस्तक करुणेबद्दल फारसं बोलत नाही, ते पुराव्याबद्दल बोलतं. ऐकीव माहिती कोणती, डोळ्यांनी पाहिलेली कोणती, परिस्थितीवरून काढलेला निष्कर्ष कोणता. शेजाऱ्याचा शब्द किती धरायचा, मालकाचा किती. न्यायालय, वैद्यक आणि इतिहास या तिन्हींकडून तिने पद्धत उसनी घेतली. सुपरवायझरच्या लाल पेनातला ‘हे कुणी सांगितलं?’ हा प्रश्न तिथून चालत आलेला आहे.

दुसरी वाट शिकागोची. 1889 साली जेन ॲडम्सने तिथल्या स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस काढलं. घरोघर जाऊन चौकशी करण्याऐवजी वस्तीतच राहायला जायचं, कारखान्यांचे तास, कचऱ्याच्या गाड्या, मुलांची मजुरी यांवर बोट ठेवायचं. रिचमंडचा रोख माणसावर, ॲडम्सचा रोख वस्तीवर, असं वर्गात सांगतात. ते पुरतं खरं नाही, पण परीक्षेपुरतं चालतं.

शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेला क्लिफर्ड मॅन्शार्ट 1925 साली मुंबईत आला. अमेरिकन मराठी मिशनचा माणूस. त्याने 1926 मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केलं. एका अंगाला कामाठीपुरा, दुसऱ्या अंगाला गिरण्यांची वस्ती. मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, कोकणातून आलेले गिरणगावकर अशी सरमिसळ. दहा वर्षांनी, 1936 साली, दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर त्याच वास्तूत वीस विद्यार्थ्यांचा वर्ग भरला. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. हीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली, 1954 मध्ये देवनारला गेली आणि 1964 मध्ये अभिमत विद्यापीठ बनली. मुंबईला निर्मला निकेतन 1955 साली निघालं, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था 1963 साली. त्याआधी मुंबईत शिक्षित कार्यकर्ते नव्हते असं नाही, ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग 1911 पासून गिरणगावात काम करत होती. पण पदव्युत्तर वर्ग, आठवड्याचं फील्डवर्क आणि त्यावर देखरेख हे तिन्ही एकत्र आलं ते नागपाड्यात.

त्यामुळे आजही पहिल्या वर्षाची वाचनयादी शिकागो-न्यूयॉर्ककडे झुकलेली असते. हेलन पर्लमन, बीस्टेक, पिंकस आणि मिनाहन. फील्डवर्क मात्र गोवंडीत, येरवड्यात, तुळजापूरच्या वाडीवर. विद्यार्थी या फटीबद्दल कुरकुर करतात आणि त्यांची कुरकुर रास्त आहे. पर्लमनच्या पुस्तकातला क्लायंट अपॉइंटमेंट घेऊन येतो. इथे नळाला पाणी आलं की समोरची बाई अर्ध्या वाक्यात उठून जाते.

पण रोख माणसावर ठेवायचा की वस्तीवर, हे मूळ कोडं एकट्या अमेरिकेचं नाही. नोव्हेंबर 1932 मध्ये तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना पत्र लिहिलं. ठक्कर तेव्हा नुकत्याच निघालेल्या अस्पृश्यता निवारक संघाचे चिटणीस होते. हाच पुढचा हरिजन सेवक संघ. पत्रात आंबेडकर म्हणतात, की दलितांच्या उद्धाराचे दोन मार्ग मानले जातात. एका मते माणसाची दैना त्याच्या वागण्यातून येते. म्हणून त्याला व्यसनमुक्ती, तालीम, वाचनालय, शाळा देऊन सद्गुणी करायचं. दुसऱ्या मते ती त्याच्या भोवतालातून येते; म्हणून भोवताल बदलायचा. संघाने आपली शक्ती पहिल्या मार्गावर उधळू नये, नागरी हक्कांच्या मोहिमा काढाव्यात, रोजगारात आणि सामाजिक व्यवहारात बरोबरी मिळवून द्यावी, असं त्यांनी मुद्देसूद मांडलं. कार्यकर्ते कोण असावेत हेही लिहिलं, आणि ज्याचं प्रेम आहे तोच सेवा करू शकतो या टॉलस्टॉयच्या विचाराचा आधार घेतला.

केसवर्क, म्हणजे एकेका माणसाबरोबरचं काम, की सामाजिक कृती, यावर इंग्रजीत पुस्तकांचे ढीग आहेत. माझ्या मते या पत्राची झेरॉक्स सिद्धांताच्या पहिल्याच तासाला वाटावी. कारण यातला प्रश्न पुढची दोन वर्षं विद्यार्थ्याच्या कागदावर येत राहणार असतो. केस फॉर्मवर एक रकाना असतो: समस्येचं कारण. तिथे काय लिहायचं?

नमुन्यादाखल एक केस घेऊ. अशा कित्येक मुंबईच्या पूर्व उपनगरात भेटतात. चौतिशीचा जरी कारागीर, बिहारचा, गोवंडीतल्या कारखान्यातच राहणारा. टीबीची औषधं सुरू झाली, तिसऱ्या महिन्यात बंद पडली. आरोग्य केंद्रातून नाव आलं, पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होम व्हिजिटला गेली. तिचा पहिला रिपोर्ट: रुग्णाला आजाराचं गांभीर्य नाही, अधूनमधून दारू, कारण – जाणीव-जागृतीचा अभाव. उपाय – समुपदेशन.

आयसीमध्ये, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या एकट्याच्या बैठकीत, तिला एकच काम मिळतं. परत जा आणि त्याला सल्ला देऊ नकोस. त्याने दिवस कसा काढला ते विचार.

दुसऱ्या भेटीत कळतं, की खोकला ऐकून मालकाने गावाला जा म्हणून सांगितलं, कारण एका खोलीत दहा-बाराजण झोपतात आणि बाकीचे घाबरले. गावी औषधं मिळू शकली असती. टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद दुसऱ्या जिल्ह्यात हलवता येते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोषणासाठी सरकार रुग्णाच्या खात्यात पैसे टाकतं, 2018 साली महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000. त्याला ते मिळाले नाहीत, कारण केवायसी न झाल्यामुळे खातं बंद पडलेलं. दारू आहेच, पण ती काम सुटल्यानंतर वाढली. आता ती इको-मॅप काढते. मधे रुग्णाचं वर्तुळ, भोवती मालक, बँक, गाव, आरोग्य केंद्र, सहकारी. पक्कं नातं असेल तिथे जाड रेघ, ताणाचं असेल तिथे काटेरी. ॲन हार्टमनने 1978 मध्ये मांडलेली ही पद्धत वर्गात पोरखेळ वाटते. इथे मात्र दिसतं, की त्या माणसाकडे येणारी एकही जाड रेघ नाही.

आणि रकाना? तिसऱ्या भेटीनंतर तो आणखी सरकतो. त्याच वॉर्डातल्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारती इतक्या खेटून बांधल्या आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. त्याचा आणि टीबीचा संबंध अभ्यासांतून दाखवला गेला आहे. म्हणजे कारण बांधकामाच्या नियमांपर्यंत जातं. मग विद्यार्थिनीने काय करायचं, नगरविकास खात्याला पत्र लिहायचं?

इथे दोन प्रकारचे विद्यार्थी वाट चुकतात. एक रुग्णावर सगळं ढकलून मोकळा होतो. दुसरा व्यवस्थेवर सगळं ढकलून मोकळा होतो. दुसरा वर्गात जास्त टाळ्या मिळवतो, पण रुग्णाचं खातं तोही सुरू करून देत नाही. चांगला सुपरवायझर दोघांनाही खाली बसवतो. बँकेत कोण, कधी जाणार? औषधं उद्या सुरू होणार का? आणि खोलीतल्या बाकीच्यांची तपासणी? हे झालं की मग इमारतीबद्दल बोल, आणि तेव्हा तुझ्याकडे अशा एकाच नव्हे, वीस केसेसच्या नोंदी असू देत. वीस नोंदी एकसारखं बोलायला लागल्या की ती तक्रार राहत नाही, पुरावा होतो.

फेलिक्स बीस्टेक हा जेझुइट पाद्री. 1957 साली त्याने क्लायंटशी नात्याची सात तत्त्वं मांडली. ती सगळी विद्यार्थी घोकतात, पैकी दोन त्यांना प्रत्यक्षात छळतात. पहिलं तत्त्व, निर्णय क्लायंटचा. मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात टाटा संस्थेने 1984 साली महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष काढला. पोलिसांच्या छताखाली, पण पोलीस नसलेल्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. पुढे राज्य सरकारने ही कल्पना उचलली आणि असे कक्ष अनेक जिल्ह्यांत झाले. इथे येणाऱ्या बाईला बाहेरची सगळी दुनिया दोनपैकी एक सल्ला देत असते: सांभाळून घे, किंवा सोड त्याला. कक्षातलं काम यापेक्षा बारीक आहे. मारहाण थांबली पाहिजे, हे ठरलेलं. त्याबाबत मध्यम मार्ग नाही. पण कुठे राहायचं, केस करायची की नाही, कधी करायची, हे ती ठरवणार. ती परत नांदायला जाते म्हणाली की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा चेहरा पडतो. आपण हरलो असं तिला वाटतं. मुरलेली कार्यकर्ती तेव्हा एवढंच पाहते, की जाताना बाईकडे कक्षाचा नंबर आहे का, कागदपत्रांच्या प्रती माहेरी ठेवल्या आहेत का, आणि आज घडलेलं तारखेनिशी लिहिलेलं आहे का. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती सहा महिन्यांनी अर्ज करायला आली, तर हाच कागद उभा राहतो.

दुसरं तत्त्व गुप्ततेचं. सतरा वर्षांची मुलगी पालिकेच्या रुग्णालयात येते, दिवस गेलेले, मुलगा तिच्या ओळखीचा, जबरदस्ती नाही असं तीच सांगते आणि कुणाला सांगू नका म्हणून हात धरते. पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास 21 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बीस्टेकचं पुस्तक इथे बंद होतं. अनुभवी मंडळी सांगतात, की मुलीने बोलायला सुरुवात करण्याआधीच तिला सांगायचं: काही गोष्टी मला माझ्यापाशी ठेवता येणार नाहीत. मग ती किती सांगायचं ते ठरवेल. यामुळे काही मुली गप्प बसतात. त्यांचं काय होतं, याचं उत्तर कुठल्याच तासाला मिळत नाही.

नागपाड्याकडे परत वळू. शीला पटेल टाटा संस्थेतून शिकून नागपाडा नेबरहुड हाउसमध्ये काम करत होत्या. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका त्यांना रोज दिसत. 1984 साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘स्पार्क’ काढलं. तेव्हा फुटपाथवासीयांचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता. ओल्गा टेलिस प्रकरणाचा निकाल जुलै 1985 मध्ये लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं, आणि रीतसर नोटिशीनंतर झोपड्या हटवायला परवानगीही दिली. या काळात स्पार्कने केलं काय? फुटपाथवरच्या घरांची मोजणी. माणसं कुठून आली, किती वर्षं झाली, काय कमावतात. ‘वुई, द इन्व्हिजिबल’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. फुटपाथवरची माणसं कालपरवा आलेली भटकी नाहीत, वर्षानुवर्षं इथे राबून शहर चालवणारी आहेत, हे त्या आकड्यांनी दाखवलं. पुढे मोजणी वस्तीतल्या बायका स्वतः करू लागल्या. मेधा पाटकर याही टाटा संस्थेच्याच पदवीधर. नर्मदेच्या खोऱ्यातला लढा सगळ्यांना मोर्चा आणि उपोषणं म्हणून ठाऊक आहे. पण कुठलं गाव बुडणार, कुणाच्या नावावर जमीन नाही म्हणून तो विस्थापितच धरला जात नाही, याच्या गावनिहाय याद्या नसत्या तर सरकारशी वाद घालायला हाती काय असतं?

नोंदीची ताकद अलीकडे सगळ्यात भीषण रीतीने दिसली ती बिहारमध्ये. टाटा संस्थेचा ‘कोशिश’ हा प्रकल्प 2006 पासून बेघर आणि भिक्षेकऱ्यांबरोबर काम करत होता. महाराष्ट्रातल्या 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानुसार पोलीस वॉरंटशिवाय माणूस उचलू शकतात, आणि दंडाधिकारी त्याला पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबू शकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची अनेक कलमं रद्द केली. चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवलेल्यांशी बोलणं, घर शोधणं, जामीन, कागदपत्रं, यातून ही मंडळी बंद दारामागच्या संस्था वाचायला शिकली होती. बिहार सरकारने त्यांना राज्यातल्या शंभरावर निवारागृहांचं सामाजिक अंकेक्षण दिलं. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींशी बोलताना त्यांच्यावरच्या अत्याचारांबद्दल जे समोर आलं, ते त्यांनी अहवालात लिहिलं. तिथे आधी अनेक तपासण्या होऊन गेल्या होत्या आणि शेरे समाधानकारक होते. फरक पडला तो मुलींशी कर्मचाऱ्यांच्या नजरेआड, घाई न करता बोलता आल्यामुळे. 2018 मध्ये देश हादरला. जानेवारी 2020 मध्ये न्यायालयाने मुख्य आरोपीसह अनेकांना दोषी ठरवलं आणि फेब्रुवारीत मुख्य आरोपीला जन्मठेप सुनावली. अहवालातला तो मजकूर काही ओळींचा होता.

इतकं असून हा व्यवसाय आपल्याकडे अधांतरी आहे. महाराष्ट्रातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं उच्च शिक्षण खात्याकडे नाहीत, सामाजिक न्याय खात्याकडे आहेत. वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या सांभाळणारं खातं प्राध्यापकांच्या नेमणुकाही पाहतं. वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे. समाजकार्यकर्त्यांसाठी राष्ट्रीय परिषदेचे मसुदे अनेकदा झाले, कायदा झाला नाही. 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोरुग्ण क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, बाकीचे बाहेरच राहिले. परिणाम असा, की कुणीही पाटी लावून समाजसेवक होऊ शकतो. निवडणुकीच्या दिवसांत तर प्रत्येक फ्लेक्सवर एक असतो.

शिक्षण कुणाला परवडतं हा प्रश्नही आता टाळता येत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांनी फाटकापाशी संप केला. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना मिळणारी फी-सवलत काढून घेतली म्हणून. ज्यांनी वस्त्यांमध्ये बायकांना निवेदन कसं लिहायचं ते शिकवलं, तेच स्वतःसाठी निवेदनं लिहीत होते. ज्या वस्तीतल्या केसेस शिकायच्या त्याच वस्तीतून आलेला विद्यार्थी वर्गात असला, की कारणाच्या रकान्याबद्दलची चर्चा वेगळीच होते. ‘रुग्णाला गांभीर्य नाही’ हे वाक्य त्याच्यासमोर सहजासहजी कुणी वाचून दाखवत नाही. बोटीवरच्या पत्रात कार्यकर्ता कोण असावा याबद्दल जो आग्रह होता, त्याचं कारण इथे कळतं.

नोकरीचं बोलायचं तर सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकाची पदं आहेत, पण मोजकी. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्याचा हिशेब, उत्पन्नाचे दाखले, नातेवाइकांची रडारड आणि व्यवस्थापनाच्या कपाळावरच्या आठ्या, हे सगळं ज्या टेबलावर येतं तिथेही एमएसडब्ल्यू झालेलंच माणूस बसलेलं असतं. बाकी बहुतेक पदं अकरा महिन्यांच्या करारावर. प्रकल्पाचा निधी संपला की कार्यकर्ता जातो, केस राहते. नवा येतो, फाइल उघडतो, आणि आधीच्याने नीट लिहिलं नसेल तर त्या बाईला आपली कहाणी पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागते.

मला मात्र पगाराहून एक गोष्ट जास्त टोचते. दोन वर्षं दर आठवड्याला होणारी आयसी नोकरीच्या पहिल्याच दिवशी थांबते. विद्यार्थिदशेत एका टीबीच्या रुग्णासाठी तासभर समोर बसून प्रश्न विचारणारं कुणीतरी होतं. नोकरीत महिन्याला साठ केसेस असतात, आणि वरिष्ठ विचारतात ते एवढंच, की साठाचा आकडा पूर्ण झाला का. मारहाण, आत्महत्येचे प्रयत्न, लहान मुलांवरचे अत्याचार हे सगळं ऐकणाऱ्या माणसाला ते कुणापुढे तरी मांडायला लागतं. नाहीतर वर्षभरात तोही ‘क्लायंट सहकार्य करत नाही’ असं लिहायला लागतो, आणि त्याच्या रिपोर्टवर लाल पेन चालवणारं कुणी नसतं. संघटनांच्या निवेदनांत वेतनश्रेणी असते, कायमस्वरूपी नेमणूक असते, प्रवासभत्ताही असतो. आठवड्याला एक तास देखरेखीचा, कामाच्या वेळेत, अनुभवी माणसाबरोबर, ही मागणी त्या यादीत घालायला पैसेही फारसे लागणार नाहीत.